यांच्या मनगटावर बंद पडणारं घड्याळ

आमचे हे हलत नाहीत. ही तक्रार नाही, ओळख करून देतेय. लग्न झाल्यावर सुरुवातीला मी सकाळी उठले की आधी यांच्या नाकापाशी हात धरून बघायची, श्वास चालू आहे ना. झोपताना ज्या कुशीवर वळतील त्याच कुशीवर सकाळी सापडतात, चादरीला सुरकुती म्हणून पडत नाही. जेवताना ताटाकडे जाणारा उजवा हात सोडला तर बाकीचा माणूस फोटो काढायला बसल्यासारखा. भांडताना लोक हातवारे करतात, आदळआपट करतात. हे दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि फक्त डावी भुवई उचलतात. त्या एका भुवईपुढे मी जितक्या वेळा हात टेकले तितक्या वेळा कुणाच्या आरडाओरड्यापुढे टेकले नसतील.

धंदाच तसा आहे. हे मनगटी घड्याळं दुरुस्त करतात. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि ती नेमक्या जागी नेऊन ठेवायची, यात हात जरासा थरथरला तरी अख्खा दिवस जमिनीवर ओणवं होऊन स्प्रिंग शोधण्यात जातो. यांचा तसा एकही दिवस गेलेला नाही. हात थिजवून ठेवायचे हे यांनी स्वतःला असं काही शिकवलं की पुढे ते हातांपुरतं राहिलंच नाही, सगळा माणूसच तसा झाला.

दुकान घराच्या खाली आहे. जिना उतरला की दुकान, चढला की घर. यांचा दिवसभराचा प्रवास तेवढाच. वर मी शिलाई मशीन टाकलंय, लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते. खाली दाराशी काउंटर आहे आणि आतल्या खिडकीशी यांचं टेबल. त्या खिडकीतून ऊन कधीच येत नाही, पण उजेड दिवसभर एकसारखा येतो. टेबलाला कडेनं लाकडी पट्टी मारलेली आहे, म्हणजे एखादा स्क्रू घरंगळलाच तर तिथंच अडतो. आणि टेबलापुढे यांची खुर्ची. तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही. एकदा झाडू मारताना पाय भरून आले म्हणून मीच जरा टेकले होते. हे नुसते समोर येऊन उभे राहिले, मी उठेपर्यंत.

या माणसाच्या पोटी आमची लेक जन्माला आली. ती पाळण्यातही स्वस्थ पडत नसे, म्हणून यांनीच तिचं नाव ठेवलं चुळबुळ, आणि तेच चिकटलं. आता तिशी ओलांडली तरी ती चुळबुळच. बोलताना पाय हलवते, चालताना गुणगुणते, विचार करताना पेन्सिल चावते. पण एकदा भिंग डोळ्याला लावलं की मात्र बापाची लेक. शाळेत असल्यापासून यांच्या शेजारी उभी राहून शिकली, मग बाहेर जाऊन दोन वर्षांचं रीतसर शिक्षण घेऊन आली. आल्यावर यांनी तिला काउंटर दिलं. सेल बदल, पट्टे लाव, भिंतीवरची घड्याळं बघ. मनगटावरचं काही नाजूक आलं की हे हात पुढे करायचे आणि ती मुकाट्यानं देऊन टाकायची. मुकाट्यानं म्हणजे तिच्या मानानं. वर येऊन माझ्याकडे तासभर बडबडायची ते वेगळं.

अशात बाजाराच्या दुसऱ्या टोकाला काचेची एक मोठी इमारत उभी राहिली आणि तिच्यात घड्याळांचं एक भलंमोठं दालन उघडलं. त्यांना दुरुस्तीसाठी माणूस हवा होता. चुळबुळ सहज बघायला गेली तर त्यांनी तिलाच बोलावलं. स्वतःचं टेबल, स्वतःचा दिवा. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्या म्हणाले.

तिनं जेवताना विषय काढला. "बाबा, मला तिकडे नाही जायचं. मला इथंच काम करायचंय. पण काउंटरवर नाही."

"मग कुठे?"

"खिडकीशी."

डावी भुवई वर गेली. मी ताटात बघत राहिले. लेक गेली तर घर खायला उठेल हे मला ठाऊक होतं, आणि या माणसाला खुर्चीवरून उठवणं म्हणजे काय हेही ठाऊक होतं.

हात धुऊन झाल्यावर यांनी खालून एक घड्याळ आणून तिच्यापुढे ठेवलं. जुनं, आटोमॅटिक. कुणीतरी दुरुस्तीला टाकलेलं आणि कधीच न्यायला न आलेलं. "हे पूर्ण उघड. साफ कर, जोड. मी हातात घालीन. महिनाअखेरपर्यंत बंद पडलं नाही तर खुर्ची तुझी. पडलं तर त्या काचवाल्यांकडे जा आणि आणखी शीक."

"चालेल," ती म्हणाली. विचारसुद्धा केला नाही. मला तिचा हा स्वभाव आवडतो आणि त्याची धास्तीही वाटते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मलाही तेव्हाच कळलं. आटोमॅटिक घड्याळाला सेल नसतो आणि रोज चावीही द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं, आणि त्या फिरण्यानं आतली स्प्रिंग भरत जाते. घालणारा माणूस हाच त्याचा सेल.

आता शहाण्या माणसाला इथंच सगळं कळायला हवं होतं. पण आम्हा तिघांच्याही डोक्यात उजेड पडला नाही. घरात घड्याळ बंद पडलं की दोष घड्याळात असायचा, हीच आमची रीत. घालणाऱ्याला तपासायची वेळ कधी आलीच नव्हती.

तिनं जोडून दिलं, यांनी घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते बंद पडलं.

यांनी मनगटावरून काढून तिच्यापुढे ठेवलं आणि कामाला लागले. तिनं उघडलं, भिंगाखाली घातलं, एकेक चाक बघितलं, परत जोडलं. दोन दिवसांनी पुन्हा बंद. पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा चुळबुळीनं ते उघडलंच नाही. काउंटरवर ठेवून त्याच्याकडे रोखून बघत बसली.

"आई, यात काही नाहीये," ती म्हणाली. "मी केलेलं काम मला माहीत आहे. यात काही बिघाड नाहीये."

तिनं हाताने पूर्ण चावी दिली आणि घड्याळ माझ्या कपाटावर ठेवलं. हात लावायचा नाही अशी ताकीद. ते तसंच पडल्या पडल्या आख्खा दिवस, आख्खी रात्र आणि वर दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत चाललं. "म्हणजे स्प्रिंग ठणठणीत आहे," ती म्हणाली. मग ते माझ्या हातात घातलं. मी मशीन चालवते, कापड ओढते, कात्री मारते, भांडी घासते, दिवसभर हाताला उसंत नसते. घड्याळ मस्त चाललं. एक दिवस नाही, चांगले चार दिवस. "म्हणजे वजनही फिरतंय."

"मग बिघाड कुठे?" मी विचारलं.

तिनं जिन्याकडे बोट दाखवलं. हे वर येत होते. दोन्ही हात अंगाला चिकटलेले, पायऱ्या चढताना खांदासुद्धा हलत नव्हता. मला एवढं हसू फुटलं की दातातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

यांना मात्र हसू आलं नाही. चुळबुळीनं सगळं नीट समजावून सांगितलं, तर खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "हात हलू नयेत म्हणून जन्म घालवला. आता तो दोष झाला?"

"दोष नाही हो बाबा. पण घड्याळ उपाशी राहतंय."

"मग मी रोज चावी देतो की."

"चावी देऊन चालवलंत तर मी काय सिद्ध केलं? अट तुमच्या मनगटाची आहे. मी माझं काम केलंय, आता तुम्ही तुमचं करा. रोज सकाळी चालायला जा. हात हलवत."

"आणि दुकान?"

"मी उघडते."

मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते, पण कान तिकडेच. भुवई उचलली जाईल असं वाटलं होतं. पण अटीला अट लागली होती आणि शब्दाला जागणं हे यांचं दुखरं ठिकाण. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट शोधायला घेतले. सापडले तेव्हा त्यांत वर्षानुवर्षांची धूळ होती.

आमच्यासमोर चष्मेवाल्याचं दुकान आहे. यांना सकाळी सकाळी रस्त्यावर बघून तो धावत माझ्याकडे आला. "वहिनी, सगळं ठीक आहे ना? कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, आमचं घड्याळ आजारी आहे, त्याला फिरवून आणायला गेलेत. यांना हात हलवत चालता येत नव्हतं हे खरं. पहिल्या दिवशी डावा पाय आणि डावा हात एकदम पुढे टाकत कोपऱ्यापर्यंत गेले, पोरासोरांनी मजा बघून घेतली. पण चार-पाच दिवसांत जमलं. घरी येताना चेहऱ्यावर जरा लाली, जेवण दोन घास जास्त. आणि घड्याळ बंद पडायचं थांबलं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. चुळबुळ गुणगुणत जिने चढायची. मी मनात म्हटलं, जिंकली पोरगी.

तो आठवडा संपताना एके दिवशी चुळबुळ पट्टे आणायला घाऊक बाजारात गेली होती. हे जेवायला नेहमीपेक्षा बरेच उशिरा वर आले. ताटावर बसले, पण जेवणात लक्ष नव्हतं. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही." यांचं 'काही नाही' मी इतक्या वर्षांत शंभर तऱ्हांचं ऐकलंय. हे त्यातलं नव्हतं. पण ताकास तूर लागू देतील तर ते हे कसले! मीही सोडून दिलं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी घड्याळ बंद.

चालून आले होते. हात हलवत, चांगला मोठा फेरा मारून. चष्मेवाल्यानं शपथेवर सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. सकाळी चालू, दिवे लागायच्या सुमाराला बंद. महिनाअखेर जवळ आली होती आणि त्या काचवाल्यांचा निरोप येऊन गेला होता.

चुळबुळ मात्र डगमगली नाही, हे मला अभिमानानं सांगायचंय. मी तिच्या जागी असते तर रडले असते. तिनं पुन्हा तीच चाचणी केली. पूर्ण चावी दिली, घड्याळ कपाटावर ठेवलं. मागच्या वेळी पडल्या पडल्या दीड दिवस चाललेलं घड्याळ या वेळी अर्ध्या दिवसातच थांबलं.

"आता आतच काहीतरी आहे," ती म्हणाली. "आणि ते मी केलेलं नाही."

ती घड्याळ घेऊन खाली गेली. थोड्या वेळानं मी चहा घेऊन उतरले. ती काउंटरवर वाकली होती. तिथं उजेड पुरत नाही, म्हणून टॉर्च एका खोक्याला टेकवून ठेवला होता. हे खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून, कुणाच्या तरी घड्याळावर काम करत होते. निदान तसे बसले तरी होते.

"बाबा, स्प्रिंगच्या डबीत तेल आहे."

"असणारच. तेलाशिवाय घड्याळ चालतं?"

"डबीच्या भिंतीला तेल आहे, बाबा. मी तिथं ग्रीस लावलं होतं. मुद्दाम, चिकट. चावीच्या घड्याळात स्प्रिंगचं टोक भिंतीला अडकवलेलं असतं, तिथं तेल चालतं. यात ते अडकवलेलं नसतं, नुसतं भिंतीला दाबून धरून बसतं. स्प्रिंग पूर्ण भरली की तेवढ्यापुरतं घसरतं, म्हणजे काही तुटत नाही. तिथं पातळ तेल लावलं तर ते भरायच्या आधीच घसरायला लागतं. मग माणूस चालो नाहीतर पळो, घड्याळाच्या पोटात काही टिकतच नाही."

हे वळले नाहीत. चिमटा खाली ठेवला.

"तुम्ही उघडलंत?"

"हो."

"कधी?"

"तू पट्टे आणायला गेली होतीस."

"पण का? चालत होतं ना!"

"चालत होतं म्हणूनच."

मग हे खुर्चीसकट आमच्याकडे वळले. भुवई जागच्या जागी होती. या माणसाला सलग इतकं बोलताना मी क्वचितच ऐकलंय.

"तुझी चूक शोधायला उघडलं," हे म्हणाले. "एकेक चाक काढून बघितलं. एकेक स्क्रू. डबी आम्ही कधी उघडत नव्हतो, तीसुद्धा उघडली, म्हटलं तिथं तरी सापडेल. शोधायला काही नव्हतंच. मी करतो त्याहून नीट केलेलं होतं. सगळं परत जोडत आणलं. पण हात लावलाय आणि काहीच केलं नाही, असं झाकण बंद कसं करायचं? म्हणून तेल घातलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, इतके दिवस मूग गिळून बसलात? तुम्हाला कळलं होतं ती पास झालीय, आणि पोरगी त्या काचवाल्यांकडे निघाली तरी तोंडातून शब्द काढला नाहीत?"

"काढणार होतो."

"कधी? ती गेल्यावर?"

"रोज काढणार होतो," हे म्हणाले. हात मांडीवर होते, पण बोटं एकमेकांत अडकवून घट्ट धरलेली. "ती तिकडे गेली असती तर मला करमलं नसतं, हे मला माहीत होतं. आणि ती इथं बसली तर मी कुठे बसायचं, ते मला कळत नव्हतं."

माझा राग तिथंच विरला. सांगायला लाज कशाची, डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी या माणसाला दगड म्हणत आले. आणि तो रोज सकाळी चालताना हाच प्रश्न घेऊन फिरत होता.

चुळबुळ काही बोलेल, बापाच्या गळ्यात पडेल, असं मला वाटलं. ती पेन्सिल चावत उभी होती. मग तिनं उघडलेलं घड्याळ झाकणाखाली ठेवलं, उचललं आणि थेट खिडकीकडे गेली.

"ते नंतर ठरवू," ती म्हणाली. "आधी हे साफ करायला हवं. आणि तिकडे मला दिसत नाहीये. बाबा, उठा."

हे खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून उठले. चुळबुळ बसली. खुर्ची तिला उंच पडत होती, म्हणून तिनं खालचा स्क्रू फिरवून ती खाली केली. तो इतक्या वर्षांत कुणी फिरवलेलाच नव्हता, चांगलाच कुरकुरला. मी यांच्याकडे बघितलं. हे स्क्रूकडे बघत होते.

"आई, त्या काचवाल्यांना नको म्हणून कळवून टाक," ती न वळता म्हणाली, आणि भिंग डोळ्याला लावलं. पाय हलायचा थांबला.

हे तिच्या पाठीशी उभे होते. जावं की थांबावं अशा घोटाळ्यात. मग जरासे पुढे वाकले.

"ते ग्रीस किती लावतेस?"

"दाखवते. पण सावली पडतेय तुमची. या बाजूला या."

हे त्या बाजूला गेले. मी काउंटरमागचं स्टूल उचलून आणलं आणि यांच्या मागे ठेवलं. हे मागे न बघताच त्यावर बसले.